रजिस्टर्ड व्हॅल्युअरची परीक्षा: सांगली-साताऱ्याकडच्या सिव्हिल इंजिनिअरसाठी सुरुवातीपासून

"सर, ते व्हॅल्युअरचं लायसन्स काढायचंय, सुरुवात कुठून करू?" सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेचं मूल्य काढून देणारा, व्हायचा हा प्रश्न घेऊन महिन्याला एखादा तरी तरुण इंजिनिअर येतो. कुणी मिरजेचा, कुणी तासगावचा, अधूनमधून कराड-साताऱ्याचाही. प्रत्येकाला तेच सांगतो, म्हणून आता एकदा सगळं लिहूनच काढतोय.

मी ही परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात पास झालो. पहिल्या वेळी ५४ गुण पडले, पासिंग ६० ला आहे. इंजिनिअरिंगच्या एकाही प्रश्नावर मी अडलो नव्हतो. सगळे गुण कायद्यात, अर्थशास्त्रात आणि न विचार करता मारलेल्या उत्तरांत गेले. त्याआधी कागदपत्रांत चार महिने गेले होते ते वेगळेच.

## १. आधी ठरवा, तुम्हाला नक्की कोणती नोंदणी हवी आहे

पहिला घोळ इथेच होतो. "व्हॅल्युअर लायसन्स" या एकाच नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात.

एक म्हणजे महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं लायसन्स. प्लॅन सादर करायला, सुपरव्हिजनला ते लागतं. त्याचा मूल्यांकनाशी संबंध नाही.

दुसरी, संपत्ती कर कायदा १९५७ च्या कलम ३४एबीखाली आयकर खात्याकडची नोंदणी. बँकांच्या पॅनेलवर वर्षानुवर्षं बसलेले ज्येष्ठ व्हॅल्युअर बहुतेक याच नोंदणीचे आहेत. तिला आपण बोलतोय ती परीक्षा लागत नाही, अनुभवाची अटही वेगळी आहे.

तिसरी, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ खालची. तिचे नियम १८ ऑक्टोबर २०१७ ला आले आणि नोंदणी देणारी संस्था आहे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे सगळे ज्याला आयबीबीआय म्हणतात ते. कंपनीची जमीन, शेड, इमारत यांचं मूल्य कंपनी कायद्यासाठी काढायचं असेल किंवा एखादा कारखाना दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला असेल, तर याच नोंदणीचा माणूस लागतो. कंपनीच्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत साधारणपणे दोन स्वतंत्र रजिस्टर्ड व्हॅल्युअर नेमले जातात आणि दोघांनी रास्त मूल्य व अवसायन मूल्य (कंपनी मोडीत काढली तर मालमत्तेचं जे येईल ते) अशी दोन्ही काढून द्यायची असतात. बंद पडलेले साखर कारखाने, सूतगिरण्या आपल्या भागात कमी नाहीत, त्यामुळे या कामाची कल्पना तुम्हाला यावी.

हा लेख या तिसऱ्या नोंदणीबद्दल आहे. ती तीन प्रकारच्या मालमत्तेसाठी मिळते: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. सिव्हिलवाल्यांनी पहिल्यासाठी अर्ज करायचा.

## २. पात्रता: वर्षं मोजताना चुकू नका

सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा अनुभव. याच विषयांत पदव्युत्तर शिक्षण असेल तर त्यानंतरची तीन वर्षं.

"त्यानंतरचा" हा शब्द अधोरेखित करून ठेवा. आपल्याकडे डिप्लोमा करून, चार-पाच वर्षं साइटवर काढून मग पदवी घेणारे खूप आहेत. त्यांना वाटतं, आपला अनुभव दहा वर्षांचा. नियमाच्या हिशेबात मात्र पदवी हातात पडल्यापासूनचीच वर्षं येतात. नुसत्या डिप्लोमावर ही परीक्षा देता येत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण मी पाहिलेले काही सर्वात अचूक माणसं डिप्लोमावालेच आहेत. पण नियम हा असा आहे आणि पैसे भरण्याआधी तो माहीत असलेला बरा.

याशिवाय अर्जदार भारतात राहणारा हवा, दिवाळखोर घोषित झालेला नसावा आणि गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, अशा अटी आहेत. बहुतेकांना त्यांचा अडथळा येत नाही.

## ३. कागदपत्रांची फाइल अभ्यासाच्या आधी लावा

बरेच जण उलटं करतात. आधी क्लास, मग पुस्तकं, आणि कागद शेवटी. तसं करू नका. एक बॉक्स फाइल घ्या आणि हे गोळा करा:

- पदवी प्रमाणपत्र (तात्पुरतं नको, पदवीदानाचं) आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
- दहावीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी
- पॅन, आधार
- नोकरीत असाल तर नेमणूकपत्र, अनुभवपत्र, फॉर्म १६
- स्वतःची प्रॅक्टिस असेल तर महापालिकेच्या लायसन्सची प्रत, आयकर विवरणपत्रं, पूर्ण केलेल्या कामांचे दाखले
- पत्त्याचा पुरावा, फोटो, स्कॅन केलेली सही
- नावात बदल असेल तर राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र

सर्वात मोठा सापळा नावाचा आहे. आपल्याकडच्या जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पॅनवर स्वतःचं नाव आधी. आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. माझं असंच होतं, आणि त्या तीन नावांचा माणूस एकच आहे हे सिद्ध करण्यात सहा आठवडे गेले. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींना तर याचा जास्तच त्रास होतो. पॅन आणि आधार आधी एकसारखे करून घ्या, मगच पुढचा फॉर्म भरा, कारण तुम्ही जे नाव भराल तेच शेवटपर्यंत प्रमाणपत्रावर जातं.

दुसरा सापळा अनुभवपत्राचा. मी ज्या ठेकेदाराकडे पहिली तीन वर्षं काम केलं त्यांनी दिलेल्या पत्रात "आमच्याकडे काम करत होते" एवढंच होतं. तारीख नाही, पद नाही, कामाचं स्वरूप नाही. ते परत आलं. अनुभवपत्रावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावर आणि नेमकं काय काम केलं (प्लॅनिंग, एस्टिमेट, सुपरव्हिजन, बिलिंग) हे हवं. तुम्हीच मसुदा करून द्या आणि त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्का घ्या. नोकरी सोडताना अनुभवपत्र न घेतलेल्यांनी आजच फोन करावा. जुनी फर्म बंद पडली तर फॉर्म १६ आणि बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी उपयोगी पडतात.

## ४. आरव्हीओचं सदस्यत्व आणि ५० तासांचा कोर्स

परीक्षेला थेट बसता येत नाही. आधी एखाद्या मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचं, म्हणजे आरव्हीओचं सदस्य व्हायचं, त्यांचा किमान ५० तासांचा शैक्षणिक कोर्स पूर्ण करायचा आणि मग परीक्षेची नोंदणी. आरव्हीओंची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. तिथूनच घ्या, कुणाच्या व्हॉट्सअॅप मेसेजवरून नको.

संघटना निवडताना तीन गोष्टी विचारा. त्या संघटनेला जमीन व इमारत या प्रकाराची मान्यता आहे का. वर्ग कधी असतात, शनिवार-रविवार आहेत का. आणि सदस्यत्व, कोर्स, नंतरची वार्षिक फी असा पूर्ण खर्च किती. मला पहिल्या फोनवर फक्त कोर्सची फी सांगितली गेली, बाकीचे आकडे एकेक करून पुढे आले. त्यामुळे सगळं लेखी मागा.

कोर्स मन लावून करा. हजेरीपुरता लॅपटॉप चालू ठेवून साइटवर फिरणारे मी पाहिलेत. तेच ५० तास परत स्वतः वाचून भरून काढायला दुप्पट वेळ लागतो. शिकवणाऱ्यांत प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणारे ज्येष्ठ असतात आणि ते सांगतात ती उदाहरणं कुठल्याच नोट्समध्ये नसतात.

## ५. परीक्षेचं स्वरूप आणि गुणांचं गणित

परीक्षा संगणकावर, दोन तासांची, इंग्रजीत, बहुपर्यायी. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के कापले जातात. शेवटी केस स्टडी असते, म्हणजे एका मालमत्तेची माहिती देऊन तिच्यावर सलग प्रश्न.

आता हे गणित एकदा कागदावर करून बघा. १०० पैकी १०० गुणांचे प्रश्न सोडवले तर ६० गाठायला ६८ गुणांचे बरोबर यावे लागतात. ३२ चुकले की ८ कापले जातात, उरतात ६०. फक्त ८० गुणांचे सोडवले तर ६४ बरोबर आणि १६ चूक, ४ कापले, पुन्हा ६०. म्हणजे कमी प्रश्न सोडवून सुरक्षित राहता येतं, हा समज फसवा आहे. ८० सोडवणाऱ्याला पाचात चार बरोबर आणावे लागतात.

अंदाजाने उत्तर कधी मारायचं? चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर सरासरी फायदा जवळपास शून्य. दोन पर्याय नक्की खोडता येत असतील तर जरूर मारा. पहिल्या वेळी मी शेवटच्या दहा मिनिटांत घाईने उरलेले सगळे प्रश्न भरले होते. दुसऱ्या वेळी निदान एक पर्याय खोडता आला तरच हात लावायचा, हा नियम पाळला.

## ६. अभ्यास: तीन महिने, पण साइट सांभाळून

प्रॅक्टिस करणाऱ्या माणसाला दिवसाचे आठ तास मिळत नाहीत. स्लॅबच्या दिवशी तर शून्यच. मी सकाळी साडेपाच ते सात ही वेळ धरली होती आणि रविवारी दुपार. तीन महिन्यांत ते पुरलं. अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावर विषयवार गुणांसकट दिलेला असतो. त्याची प्रिंट भिंतीवर लावा.

### मूल्यांकनाच्या पद्धती

सर्वात जास्त गुण इथे आहेत आणि आपण सिव्हिलवाले इथेच गाफील राहतो, कारण एस्टिमेटिंग-कॉस्टिंगमध्ये हे थोडंसं शिकलेलं असतं. तीन वाटा आहेत: बाजारातल्या व्यवहारांची तुलना, उत्पन्नावरून मूल्य, आणि खर्चावरून मूल्य. कोणत्या मालमत्तेला कोणती वाट, हे कळणं सूत्रापेक्षा महत्त्वाचं.

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक पद्धतीला मी आपल्या भागातली एक ओळखीची जागा जोडून टाकली. विश्रामबागेतला फ्लॅट म्हणजे तुलना पद्धत, कारण शेजारचे दहा व्यवहार सापडतात. तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज म्हणजे उत्पन्न, कारण घेणारा माणूस भाडं किती येतं तेच बघणार. खेड्यातली शाळेची इमारत म्हणजे खर्च, कारण ती कुणी विकत नाही आणि भाड्यानंही देत नाही. परीक्षेत प्रश्न वाचला की आधी विचारायचं, ही यातली कोणती जागा?

खर्च पद्धतीचं एक उदाहरण करून बघा. १२०० चौरस फुटांचं घर, आज बांधायचं तर चौरस फुटाला २००० रुपये, म्हणजे २४ लाख. वय २० वर्षं, एकूण आयुष्य ६० धरलं, मोडीचं मूल्य १० टक्के. घसारा २० भागिले ६०, गुणिले ९० टक्के, म्हणजे ३० टक्के. २४ लाखांतून ७ लाख २० हजार वजा, राहिले १६ लाख ८० हजार. यात जमिनीची किंमत वेगळी मिळवायची. जमिनीवर घसारा लावायचा नसतो. इतकं साधं, तरी पर्यायांत जमिनीसकट घसारा लावलेला आकडा हमखास ठेवलेला असतो आणि घाईत तोच उचलला जातो.

उत्पन्न पद्धतीत निव्वळ भाडं वापरायचं, ढोबळ नाही. घरपट्टी, दुरुस्ती, विमा, वसुलीचा खर्च वजा झाल्यावर वर्षाला २ लाख ४० हजार उरले आणि परताव्याचा दर ८ टक्के असेल तर इयर्स पर्चेस (निव्वळ भाड्याला ज्या आकड्याने गुणायचं तो) १०० भागिले ८, म्हणजे १२.५. मूल्य ३० लाख. हे उत्पन्न कायमचं धरून. इमारतीचं आयुष्य ४० वर्षंच असेल तर सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीत घातलेले पैसे परत उभे करायला दरवर्षी बाजूला टाकायची रक्कम, धरावा लागतो. तो ४ टक्क्यांनी गुंतवला तर वर्षाला रुपयामागे ०.०१०५ बाजूला टाकावे लागतात, आणि इयर्स पर्चेस १ भागिले (०.०८ + ०.०१०५), म्हणजे साधारण ११.०५. मूल्य २६ लाख ५२ हजारांच्या आसपास येतं. हा फरक का पडला हे एकदा स्वतःच्या भाषेत लिहून काढा, मग सूत्र विसरणार नाही.

लांब आणि अरुंद प्लॉटसाठी बेल्टिंग पद्धत येते: रस्त्याकडच्या पट्ट्याला पूर्ण दर, मधल्याला दोन-तृतीयांश, मागच्याला निम्मा. गणपती पेठेतली समोर अरुंद आणि मागे लांब गेलेली जुनी दुकानं डोळ्यासमोर आणा.

त्याच पेठेतला जुना भाडेकरू असलेला वाडाही आठवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली वर्षाला ४ टक्केच भाडेवाढ करता येते. तोच वाडा रिकामा असेल तर एक मूल्य, भाडेकरू बसलेला असेल तर दुसरंच. केस स्टडीत "भाडेकरू आहे" हे वाक्य एका कोपऱ्यात टाकलेलं असतं आणि ते सुटलं तर पुढचे सगळे प्रश्न चुकतात.

कुपवाड एमआयडीसीतला प्लॉटही असाच. आपण बोलताना "त्याचा प्लॉट" म्हणतो, पण तो ९५ वर्षांच्या लीजवर असतो. मालकीहक्काच्या जमिनीचा दर तिथे सरळ लावता येत नाही. किती वर्षं उरली, हस्तांतराला काय शुल्क, हे बघावं लागतं.

### रेडी रेकनर म्हणजे बाजारमूल्य नव्हे

हे वेगळं लिहितोय, कारण आपल्या भागातले अनुभवी इंजिनिअरही इथे चुकतात. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठीचा किमान आधार आहे. बाजारमूल्य म्हणजे घेणारा आणि देणारा दोघेही राजी, दोघांवर कसली सक्ती नाही, दोघांना माहिती आहे आणि मालमत्ता पुरेसा काळ बाजारात ठेवली आहे, अशा व्यवहारातली किंमत. जप्तीतल्या लिलावाची किंमत बाजारमूल्य नसते. भावाभावांतल्या खरेदीखताचीही नसते.

सराव म्हणून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्या गल्लीतल्या चार व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) काढा आणि रेडी रेकनरशी ताडून बघा. तुलनेसाठी कोणता व्यवहार घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे त्यातून कळतं.

### कायदे

मी पहिल्या वेळी इथेच पडलो. कादंबरीसारखे कायदे वाचत सुटलो आणि काहीच लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या वेळी प्रत्येक कायद्याची एक पानी चिठ्ठी केली: कशासाठी, महत्त्वाची चार-पाच कलमं, त्यातले आकडे. मूळ कायदे इंडिया कोडच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत.

निदान एवढं पक्कं हवं:

- मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२: विक्री कलम ५४, गहाण ५८, भाडेपट्टा १०५, बक्षीस १२२. साठेखताने मालकी जात नाही, हे कलम ५४ मध्येच आहे.
- नोंदणी कायदा १९०८: सक्तीची नोंदणी कलम १७, दस्त सादर करायला चार महिने कलम २३, नोंदणी न केल्याचा परिणाम कलम ४९.
- सुविधाधिकार कायदा १८८२: वहिवाटीने हक्क २० वर्षांनी, सरकारी जमिनीवर ३०. बांधावरच्या वाटेची भांडणं आठवा, कलम १५ लगेच डोक्यात बसेल.
- रेरा २०१६: जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट, ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं.
- सरफेसी २००२ (थकीत कर्जाची तारण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा): कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस.
- भूसंपादन कायदा २०१३: कलम २६ ते ३०.

भूसंपादनाचं गणित हमखास विचारण्यासारखं आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गात मिरज आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतल्या जमिनी गेल्या तेव्हा आपल्या ओळखीतल्या कुणा ना कुणाच्या हातात ती नोटीस होती. मिळाली तर ती वाचा. प्रश्नात बाजारमूल्य १० लाख आणि ग्रामीण भागाचा गुणक २ दिला असेल तर २० लाख, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, झाले ४० लाख. शिवाय बाजारमूल्यावर ठरावीक काळासाठी वर्षाला १२ टक्के. दिलासा रक्कम गुणकानंतर धरायची की आधी, इथेच पर्याय फसवतात.

जुन्या नोट्सपासून सावध राहा. भारतीय पुरावा कायदा १८७२ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. तज्ज्ञाचं मत आधी कलम ४५ मध्ये होतं, आता ३९ मध्ये आहे. झेरॉक्स होत होत फिरणाऱ्या नोट्समध्ये अजून ४५ च असतं.

### आपल्या मातीतले विषय

परीक्षा देशभराची आहे, गुंठेवारी (परवानगी न घेता पाडलेले छोटे प्लॉट) तिच्यात नावानं येईलच असं नाही. पण मालमत्तेच्या मूल्यावर कायदेशीर दोषाचा काय परिणाम होतो हे शिकायला सांगलीइतकी चांगली जागा नाही. गुंठेवारी कायदा २००१ चा. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या विकासांना असलेली मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. एकाच रस्त्यावर नियमित झालेला आणि न झालेला असे दोन प्लॉट घ्या आणि फरकाची कारणं लिहा: बांधकाम परवाना, बँकेचं कर्ज, विक्रीला लागणारा वेळ.

पुराचंही तसंच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूररेषांपैकी निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पर्यावरणाचा मूल्यावर परिणाम हा अभ्यासक्रमातला विषय आहे आणि त्याचं इतकं जवळचं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही. साताऱ्याकडच्यांनी महाबळेश्वर-पाचगणीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र घ्यावं. त्याची अधिसूचना २००१ ची. जमीन भरपूर, दर मोठा, पण बांधता किती येतं?

सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग दोन (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आणि इतर हक्कांतले शेरे वाचायची सवयही आताच लावून घ्या.

अर्थशास्त्र, ताळेबंद वाचणं आणि विमा यांना प्रत्येकी आठवडाभर द्या, त्यापेक्षा जास्त नको. व्हॅल्युअरची आचारसंहिता मात्र दोनदा वाचा. ती छोटी आहे, प्रश्न सरळ येतात आणि आपण "हे तर माहीतच आहे" म्हणून सोडून देतो.

## ७. कॅल्क्युलेटर आणि परीक्षेचा दिवस

मेमरी नसलेला साधा कॅल्क्युलेटरच चालतो. इंजिनिअरला सायंटिफिकची सवय असते, त्यामुळे घात काढायला हात अडतो. साध्या कॅल्क्युलेटरवर १.०८ टाइप करा, गुणाकाराचं बटण दाबा (कॅसिओवर दोनदा) आणि बरोबरचं बटण नऊ वेळा दाबा. १.०८ चा दहावा घात २.१५८९ येईल. १ ला त्याने भागलं की ०.४६३२, म्हणजे दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाचं ८ टक्क्यांनी आजचं मूल्य. शेवटचा महिनाभर सराव याच कॅल्क्युलेटरवर करा.

मी पुण्याचं केंद्र घेतलं होतं. सकाळच्या स्लॉटसाठी पहाटे सांगलीहून निघू नका, आदल्या रात्री मुक्कामाला जा. सातारकरांना पुणे जवळ वाटतं, पण खंबाटकीत अडकलात तर वेळ हातात राहत नाही. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र, दोन्हींवर नाव अगदी एकसारखं हवं.

आत बसल्यावर मी केस स्टडी आधी सोडवली, डोकं ताजं असताना. मग मूल्यांकन, मग कायदे. शंका असलेल्या प्रश्नांना खूण करून पुढे जायचं आणि शेवटची वीस मिनिटं त्यांच्यासाठी ठेवायची.

## ८. पास झाल्यावर

थांबू नका. नोंदणीचा अर्ज करताना परीक्षा मागच्या तीन वर्षांत उत्तीर्ण झालेली असावी लागते. "नंतर बघू" म्हणत काहींची ही मुदत निघून गेली आहे.

अर्ज नमुना अ मध्ये, आरव्हीओच्या शिफारशीसह. वैयक्तिक अर्जाचं शुल्क नियमात ५ हजार रुपये आहे. मंडळाने त्रुटी काढली तर ती दूर करायला २१ दिवस मिळतात, म्हणून त्या काळात ईमेल रोज बघा. पहिल्या पायरीला लावलेली बॉक्स फाइल इथे परत उघडावी लागते.

नोंदणी झाली म्हणजे बँकेच्या पॅनेलवर नाव आलं असं नाही. प्रत्येक बँकेचा वेगळा अर्ज, वेगळे निकष. दोन-तीन बँकांच्या विभागीय कार्यालयात स्वतः जाऊन यादी आणा.

पहिलं काम मिळालं की आधी कलम २४७ उघडा. ज्या मालमत्तेत तुमचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नेमणुकीच्या आधी तीन वर्षांत होता किंवा मूल्यांकनानंतर तीन वर्षांत येईल, तिचं मूल्यांकन करता येत नाही. आपल्याकडे पहिलं काम बहुधा ओळखीतूनच येतं. मेहुण्याची शेड, पार्टनरचा प्लॉट, स्वतःच बांधकाम केलेली कंपनीची इमारत. माझ्याकडे आलेलं पहिलं काम माझ्याच एका जुन्या क्लायंटच्या जागेचं होतं आणि तिथल्या पुढच्या बांधकामात माझी भागीदारी ठरत होती. मी ते मिरजेच्या दुसऱ्या व्हॅल्युअरकडे पाठवलं आणि का पाठवतोय हे क्लायंटला लेखी दिलं. त्या पत्राची प्रत अजून फाइलमध्ये आहे. कामाच्या नोंदी निदान तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात, आणि नाकारलेल्या कामाचं पत्रही मी त्यातच ठेवतो.